न झोपणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल साडूंना

सदाशिव पेठ, पुणे ४११०३०
ऑक्टोबर २००८

वयानं लहान पण पगारानं थोर असे आमचे साडू श्री. तेजसराव यांना उत्तरेश्वरचा मनापासून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. सौ. जयाची कंबर अधूनमधून धरते, माझं पित्त कायमचंच आहे, आणि पुढच्या आठवड्यात सासूबाई दिवाळीसाठी आमच्याकडे राहायला येताहेत, तेव्हा ते वाढेल. तुमची तब्येत कशी आहे? प्रियदर्शनीचा खोकला थांबला का? आणि नोकरी कशी आहे? (सहज विचारलं. अमेरिकेत बँका पटापट बुडताहेत असं रोज पेपरात येतं, आणि तुम्ही काम तिथल्याच बँकांचं करता, म्हणून आपली काळजी. मनात दुसरं काही नाही.)

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. सदाशिव पेठेतून औंधला कुणी पत्र पाठवतं का, असं तुम्ही प्रियदर्शनीला म्हणाल आणि हसाल. हसा. पण फोन बैठकीत असतो, मोबाइल सौ.च्या पर्समध्ये असतो, आणि ही बाब तिच्या कानावर जाता कामा नये. शिवाय फोनवर तुम्ही "रिस्टार्ट करून बघा" म्हणता आणि ठेवता. राहिला ई-मेल. तो करायचा तर त्याच मशीनसमोर बसावं लागेल, आणि एखाद्याबद्दल त्याच्याच तोंडासमोर तक्रार लिहिणं मला बरं वाटत नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करतो. मला तुमचा हेवा वाटतो असं सौ. म्हणते. साफ खोटं आहे. अहो, हेवा वाटावा असं तुमच्याकडे आहे तरी काय? औंधला फ्लॅट आहे, त्याला लिफ्ट आहे, खाली गाडी आहे, कंपनीची एसी बस कोपऱ्यावर येऊन तुम्हाला उचलून नेते, आणि तो लॅपटॉप आहे. संपलं. (गॅलरीतून टेकडी दिसते ते मी धरत नाही. टेकडी काही तुम्ही बांधलेली नाही.) उलट मी सौ.ला नेहमी म्हणतो, तेजसराव सज्जन माणूस आहे, फक्त त्याला आपल्याला किती येतं हे लपवता येत नाही.

तर झालं असं. तुम्हाला ठाऊक आहे की पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये मी उमेदीची वर्षं काढली. मग देशात नवं वारं आलं, तुमच्यासारख्यांसाठी हिंजवडी उभी राहिली आणि आमच्यासारख्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली (स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती आमची). तेव्हापासून मी घरी बसून लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका आणि कुणाकुणाचे प्रबंध टाइप करून देतो. जुना कॉम्प्युटर ऐन गणपतीत गेला. सौ. म्हणाली, तेजसरावांना विचारून चांगला तयार घेऊ. 'तेजसरावांना विचारून' हे शब्द ऐकल्याबरोबर मी ठरवलं की तयार घ्यायचा नाही. आयुष्यभर केसाच्या जाडीचे फरक मोजलेला माणूस मी, चार स्क्रू मला आवळता येऊ नयेत? बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून एकेक दुकान पालथं घातलं. कॅबिनेट एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, प्रोसेसर तिसरीकडून. जेवणाच्या टेबलावर सगळं मांडून स्वतःच्या हातानं जोडलं. त्या काळात आम्ही जमिनीवर बसून जेवलो, पण सौ.नं त्याबद्दलही कौतुकाचा एक शब्द काढला नाही.

दसऱ्याच्या सकाळी यथासांग पूजा केली. पूजेच्या बाबतीत मी अजून टूलरूमचा शिरस्ता पाळतो. हळदकुंकू जिथे हात पडतो तिथे लावायचं नाही, हात बरबटतो आणि काम डागाळतं. ते खालच्या अंगाला लावायचं. (पांढऱ्या लग्नपत्रिकेवर कुंकवाचं बोट उमटलं तर वरपक्ष मला सोडेल का?) त्याप्रमाणे कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळ्यांना खालच्या अंगाला चांगलं सढळ हातानं कुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं, नारळ फोडला (मशीनपासून लांब), आणि मग बटण दाबलं. पहिल्या फटक्यात चालू! आणि प्रोसेसर काय दणकट! पडद्यावरचा बाण मी हात लावला नाही तरी जागच्या जागी थरथरत असतो, इतकी त्याच्या अंगात रग आहे. तुमच्या लॅपटॉपचा बाण मी पाहिलाय. मेल्यासारखा पडून असतो.

त्याच संध्याकाळी आम्ही सोनं द्यायला तुमच्याकडे आलो. मी खुशीत होतो. आपण जोडलेल्या मशीनचा विषय आज काढायचा, असं मी लिफ्टमध्येच ठरवलं होतं. आणि पुढे काय झालं ते तुम्हाला आठवतही नसेल, कारण ज्याच्या हातून असं होतं त्याला ते आठवत नाही. प्रियदर्शनीनं लॅपटॉपवर ठेवलेलं फूल तुम्ही उचलून बाजूला केलंत, झाकण टिश्यूपेपरनं पुसलंत (बघितलं मी, बोललो नाही), काहीतरी टाइप केलंत, आणि मी "आम्ही यंदा" एवढं म्हणतोय तोच टपकन झाकण मिटलंत. बासुंदी आली. ती खाऊन झाल्यावर झाकण उघडलंत, तर सगळं जिथल्या तिथे, अर्धं राहिलेलं वाक्यसुद्धा! जया वाटी हातात धरून म्हणाली, "अगंबाई, किती शहाणं आहे हो हे!"

तेजसराव, लग्नाला इतकी वर्षं झाली. या अवधीत मी तिचा मिक्सर तीनदा तरी खोलून दुरुस्त केला, गिझर बसवला, तिच्या आईच्या घरची कुणालाच न लागणारी मोरीची कडी लावून दिली. माझ्या वाट्याला कधी "किती शहाणं" आलं नाही. आलं ते "शहाणेच आहात!" आणि इथे एक झाकण मिटलं, तर एवढं कौतुक! आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, की आमचंही झोपतं. तुम्ही म्हणालात, "अरे वा." त्या 'अरे वा'मध्ये जे होतं ते मला कळलं बरं का. घरी येऊन चपला काढायच्या आत सौ. म्हणाली, दाखवा.

दाखवलं. 'स्लीप' म्हटल्याबरोबर पडदा काळा झाला, पंखा थांबला, घरात शांतता पसरली. माऊसच्या पोटातला लाल दिवा तेवढा देवघरातल्या समईसारखा तेवत होता. मी सौ.कडे विजयी मुद्रेनं वळलो, आणि ते घर्रकन जागं झालं. पुन्हा झोपवलं, पुन्हा जागं. सौ. म्हणाली, "असू दे, दमला असाल," आणि आत गेली. हे वाक्य तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला चाललं असतं. तिनं ते प्रेमानं म्हटलं.

त्या दिवसापासून आमचं हेच चाललंय. मी एकटा असलो की कधीकधी ते दोन मिनिटं झोपतंही. मी "जया, ये, बघ लवकर" अशी हाक मारतो, ती पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून येते, आणि ती दारात पोचली की हे जागं. तिला बघून उठतं आणि मला बघून उठत नाही, असा माझा संशय आहे. (आता मशीनसुद्धा तिच्या पुढेपुढे करायला लागलं तर मी बघावं कुणाकडे?) आपणहून तर ते झोपतच नाही. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर झोप, असं त्याला लिहून दिलंय, पण नाही. अख्ख्या सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार न झोपणारं एवढं एकच मशीन आहे, आणि ते नेमकं माझ्या घरात आहे.

मग मी मुळाशी हात घातला. मशीन चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहिलं की निळा पडदा येतो, त्याला बायोस म्हणतात. (तुम्हाला हे सांगायला नको, पण हल्ली मला कुणाला काही सांगायची संधीच मिळत नाही.) तिथे झोपेचे प्रकार दिलेत. एक 'एस वन', म्हणजे कचेरीतली झोप: डोळे मिटलेले, पंखा चालू. दुसरी 'एस थ्री', ती घरची झोप, पंखासुद्धा बंद. मी एस थ्री दिली. फरक नाही. त्याच पानावर आणखी एक कलम आहे, की काम नसेल तेव्हा प्रोसेसरनं आपला वेग आपण कमी करावा, म्हणजे वीज वाचते आणि डोकं थंड राहतं. ते मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकलं होतं. कारण काय, तर तुमचा लॅपटॉप बॅटरी वाचवायला हळू पळतो असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. म्हटलं, मग आमचं नाही हळू पळणार! पळू दे पूर्ण वेगानं, दिवसभर! परिणाम असा झाला, की पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला, आम्ही दोघं एकमेकांशी ओरडून बोलायला लागलो, आणि कॅबिनेटच्या पाठीमागे इतकं गरम व्हायला लागलं की सौ. इडलीचं पीठ फुगायला तिथे ठेवते. परवा म्हणाली, "पीठ काय सुरेख फुगलंय!" माझ्या मशीनला आजवर मिळालेली ही एकमेव शाबासकी.

(ते कलम परवा मी पुन्हा चालू केलं. पंखा थोडा शांत झाला, पीठ जरा कमी फुगलं. झोपेचं मात्र तसंच.)

मग एकेक अवयव काढून बघितला. इंटरनेटची वायर काढली, न जाणो, बाहेरून कुणी हाका मारत असेल. प्रिंटर काढला. स्पीकर काढले. शेवटी मीच खोलीबाहेर जाऊन बसलो. कीबोर्ड आणि माऊस तेवढे ठेवले, कारण तेही काढले तर झोप म्हणून सांगायचं कशानं? काही उपयोग झाला नाही. अखेर मदरबोर्डवाल्याकडे बुधवार पेठेत गेलो. पोचेपर्यंत एक वाजत आलेला. सगळी हकीकत सांगितली. त्यानं मान वर न करता विचारलं, जोडलं कुणी? मी छाती काढून म्हटलं, मी. "मग झोपवा पण तुम्हीच," म्हणाला आणि शटर ओढलं. त्याची झोपायची वेळ झाली होती. मी चालत घरी येईपर्यंत सगळी पेठ झोपली होती, आणि जिन्यातच मला आमचा पंखा ऐकू आला.

आता खरं दुखणं सांगतो. सौ.नं मुदत घातलीय. दिवाळीपर्यंत झोपलं तर ठीक, नाहीतर ती तुम्हाला बोलावणार आहे. तुम्ही याल, त्या खुर्चीत बसाल, दोन बटणं दाबाल, ते शहाण्या बाळासारखं झोपेल, मागे जया उभी असेल, आणि यंदा सासूबाईसुद्धा असतील. ते चित्र मला डोळ्यांसमोर आणवत नाही. अहो, कारखान्यानं घरी पाठवलं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं. तिथे निदान शेकडो माणसं बरोबर होती. इथे मी एकटाच असणार, आणि तुम्ही म्हणणार, "सोपं होतं हो."

म्हणून कळवतो की तिनं बोलावलं तरी काहीतरी कारण काढून येऊ नये. तुम्हाला कामं पुष्कळ असतात, हे कारण चालेल. प्रियदर्शनीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच लांबून असावा.

आपला,
उत्तरेश्वर

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. झोपलं! तेजसराव, झोपलं! सौ.ची कालपासून दिवाळीची झाडझूड चाललीय, सगळ्या खोलीत धुरळा, त्या गोंधळात मी बायोसमध्ये शिरलो, 'एस थ्री'चं 'एस वन' केलं आणि पुन्हा 'एस थ्री' केलं, आणि बाहेर आलो. मी काही न सांगता दहा मिनिटांनी आपण होऊन झोपलं. मी अंघोळ करून आलो तरी झोपलेलं. हाक मारली, सौ. दारात आली, तरी झोपलेलं! मर्म सापडलं. त्याला फक्त एकदा इकडून तिकडे करून आणायला हवं होतं. लॅपटॉपवाल्यांना हे सुचायचं नाही. बाणसुद्धा आता थरथरत नाही, प्रोसेसर पुरता माझ्या कह्यात आलाय. वरची सगळी तक्रार रद्द समजावी.

ता. क. दुसरा. आता यायला हरकत नाही. किंबहुना पुढच्या रविवारी दोघांनी जेवायलाच यावं, सासूबाई आलेल्या असतील. एक छोटी विनंती आहे. जेवणानंतर मी विषय काढीन. तुम्ही मशीनसमोर बसा, थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून बघा, आणि सौ.ला ऐकू जाईल इतपत आवाजात एवढंच म्हणा, की "हे मला नसतं जमलं." जास्त काही नको. खोटं बोलायला सांगतोय असं नाही, कारण खरंच नसतं जमलं. पण तुम्ही आपण होऊन म्हणाल असा भरवसा वाटत नाही, म्हणून लिहितोय.

ता. क. तिसरा. तेजसराव, अक्षर बदललंय ते माझं, जयाचं. पाकिटावर तुमचं नाव ढळढळीत लिहून, "विजेच्या बिलाची तक्रार आहे, मंडईत जाताना पेटीत टाक," असं म्हणून हे पत्र यांनी माझ्या पिशवीत टाकलं. डिंक लावायचा राहिला होता म्हणून वाचलं. लावला असता तरी वाचलं असतं.

मशीन बायोसनं झोपलेलं नाही. काल फर्निचर पुसताना मी माऊस उलटा केला, तर त्या लाल दिव्याच्या भोकात दसऱ्याचं कुंकू गच्च भरलेलं. ओल्या फडक्यानं पुसलं, राहिलेलं कापसानं कोरून काढलं. तेव्हापासून बाण थरथरत नाही. कुंकवामुळे माऊस हलतोय असं वाटून ते बिचारं सारखं उठत असणार, तुम्हाला जास्त कळेल. हे मी यांना सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगायचं नाही. रविवारी माऊस उचलून बघू नका, आणि लॅपटॉप घरीच ठेवून या.

तुमच्या लॅपटॉपला मी शहाणं म्हटलं, ते खरं. पण ह्यांनी घरी बसून आख्खा कॉम्प्युटर जोडला, हे मी प्रियाला फोनवर इतक्यांदा ऐकवलंय की ती माझ्यावर चिडली. हे शेजारच्याच खोलीत असायचे. पंख्याच्या आवाजात यांना काही ऐकू गेलं नाही.

आणि प्रिया परवा म्हणाली, कंपनीत माणसं कमी करायला लागल्यापासून तुम्हाला झोप लागत नाही. यांना हे ठाऊक नाही, नाहीतर वर नोकरीबद्दल तसं लिहिलं नसतं, मनानं वाईट नाहीत. रविवारी या. ते एक वाक्य तेवढं म्हणा, आणि जेवून आतल्या खोलीत निवांत आडवे व्हा. मशीन आता गप्प असतं, आणि एक ते चार आमच्याकडे कुणी बेल वाजवत नाही.